साखरेचं जहाज

किनाऱ्यावरून,
ता. २० जानेवारी २०२५

ती. आबांस,
हेमकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई स्पीकर लावते, मग सगळी गल्ली ऐकते. म्हणून लिहितोय. बातमी वाईट आहे, जरा दमानं सांगतो.

शीलाताईनं मला विद्यापीठात मदतनीस लावून घेतलं, तेव्हा वाटलं आता एका जागी टिकेन. इथे लांबच लांब हौद आहे, बटण दाबलं की लाटा येतात. लाटा किनाऱ्याची माती कशी ओढून नेतात, ते ताईनं चार वर्षं त्यात पाहिलं. आता हौदातले आकडे खऱ्या समुद्राशी जुळवायचे होते. नोव्हेंबरात आम्ही बोटीनं गेलो, नांगर टाकला, लाटा मोजणारं यंत्र तळाला सोडलं. वर तरंगतं पिंप, मधे साखळी. आणि आबा, त्या दिवशी समोरून एवढं मोठं जहाज गेलं! बोटवाला म्हणाला, साखर भरलीये. म्हटलं, आपल्या कारखान्याची पोती असतील का? दिसेनासं होईस्तोवर बघत बसलो.

असो. चार दिवसांपूर्वी पिंप एकटंच किनाऱ्याला लागलं. साखळीच्या कडीची पिन निघून गेलेली. यंत्र गाळात, दोन महिन्यांचे आकडे त्याच्याच पोटात. पाणबुडे दोन दिवस चाचपडले, काही नाही. ३१ मार्चला ताईच्या पीएच.डी.ची मुदत संपते. यंत्र उसनं आणलेलं, दुसरं मिळणार नाही. ताई जेवत नाही. डबा पुढे केला तर म्हणाली, तूच खा, तुझं तोंड नाहीतरी कधी बंद असतं.

आईला निम्मंच सांगा.

तुमचा,
हेमू


मु. पो. कळसाडी,
ता. २७ जानेवारी २०२५

चि. हेमकांत यास,
लोटनचे अ. आ.

पत्र पावलं. नांगर टाकला हे वाचून तुझी आई विचारत होती, समुद्रमा कसानी नांगरट शे? बोट थांबवायला लागतो म्हणून समजावलं.

विहिरीत बादली पडली की आपण गळ टाकून काढतो. तसाच, पण कमरेएवढा, शहाद्याच्या जहीर मिस्तरीकडून करून घेतला. समुद्रासाठी आहे म्हटल्यावर त्यानं चार आकडे जास्तीचे जोडले. एस.टी.च्या पार्सलनं येईल. गाळावरून ओढत न्या.

एक विचारतो. उसाच्या ट्रॉलीला पिन घातली की वर तार पिळल्याशिवाय मी ट्रॅक्टर हलवत नाही. तुम्हा दोघांना लहानपणापासून दाखवलंय. शीलानं आईला फोनवर सांगितलं, तार तिच्याकडून राहिली. शीला विसरत नाही. जहाज कोण बघत होतं?

उत्तर पाठव. दोघं वेळेवर जेवा.

आबा


ता. १२ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. न.

जहाज मी बघत होतो. ताईनं तार आणि पक्कड माझ्या हातात दिली होती, ती वहीत लिहीत होती. झालं का विचारलं, मी हो म्हणालो. परत येताना तार खिशात सापडली. ती मी पाण्यात टाकली.

गळ सहा दिवस ओढला. तो पाहून ताई आधी हसली, मग तोंड फिरवून उभी राहिली. पहिल्या दिवशी फाटकी जाळी निघाली, एक चप्पल निघाली. पाचव्या दिवशी काहीतरी जड लागलं. चौघांनी ओढलं. ताई बोटीच्या काठाशी गुडघ्यांवर बसलेली. देवाचं नाव कधी घेत नाही, ती घेत होती. वर आला एक गंजका नांगर. आईला सांगा, झाली नांगरट.

त्याच दुपारी मी ताईच्या मार्गदर्शक सरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. ते म्हणाले की कागदावर मदतनिसाचं नाव नसतं, सही तिची आहे. मुदत वाढत नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, पिंप किनाऱ्याला लागलं त्या दिवसापासूनच तिला माहीत होतं. आणि पुन्हा खोली रिकामी करायला लागली. मला हात लावू दिला नाही.

शनिवारी ती शहादा स्टँडवर उतरेल. तिला काही विचारू नका. गळ तिच्याबरोबर देतोय. त्याच्या कडीच्या पिनला तुम्ही पिळलेली तार आहे तशीच आहे, एक वेढा सुटला नाही.

मी येत नाही. कुठे जाईन ते ठरलं नाही, म्हणून पत्ता लिहीत नाही.

लोभ तिच्यावर असू द्या. माझ्या वाट्याचाही तिलाच.

हेमकांत