खंडेनवमीला पुसलेला कंप्युटर

माय, परवा माझा कंप्युटर चालू होईना. जुनाच आहे, माझ्यासारखा, पण रोज सकाळी खटका दाबला की घूं करत उठतो. परवा नुसता मुका बसला. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, काकू, आधी भिंतीतल्या पॉइंटला दुसरं काहीतरी लावून बघा. टेबललॅम्प लावला, पेटला. मग म्हणाला, वायर बदलून बघा. बदलली, काही नाही. मग म्हणतो, "आता डब्याच्या मागं बघा, एक छोटं सरकतं बटण असतं, ते कुठल्या बाजूला आहे?" आणि माझा हात तिथंच थांबला. साठी उलटलेली बाई मी, चार माणसांना दम देणारी, आणि बोटभर बटण बघायला घाबरले. नंतर करते म्हणून फोन ठेवला, चहा केला, तोही तसाच निवला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी बोलायचं राहून गेलं ते एका बटणाबद्दल. काय म्हणावं बाप्पा याला!

वाडीचं ते ऑफिस तुला काय सांगायचं, तूच तर ते रोज झाडायचीस. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टचं लांबलचक गोदाम, त्याच्या पुढ्यात दोन खोल्या, आणि दिवसभर ट्रकांची घरघर. बाबा त्याच कंपनीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ते गेले तेव्हा सेठनं तुला कामाला ठेवलं. झाडू मारायचा, पाणी भरायचं, चहा करायचा. पुढं मी सीताबर्डीला जाऊन कंप्युटरचा कोर्स केला, तेव्हा पदर खोचून तूच सेठसमोर उभी राहिलीस. "सेठ, माही पोरगी कंप्युटर शिकली. तुमचा तो डबा धूळ खाऊन राहिला ना, तिले बसवा त्याच्यावर." तो डबा सेठच्या पुतण्यानं अमेरिकेतून आणलेला होता आणि कोणालाच चालवता येत नव्हता. सेठ हसला आणि मला बसवलं. कोणाचा माल, कुठून कुठं चालला, किती नग, असं सगळं लिहिलेली बिल्टी मी त्याच्यावर छापायला लागले. लकडगंजचे व्यापारी दारात उभे राहून माझ्याकडे जादूगाराकडे बघावं तसे बघायचे. आणि मी काय केलं? पहिल्याच दिवसापासून तुला 'बाई' म्हणायला लागले. सगळे म्हणत होते म्हणून मीही. तू माझी आई आहेस हे ऑफिसात एकूण एक माणसाला माहीत होतं, तरी. 'बाई, पाणी द्या' म्हटलं की पाणी द्यायचीस.

कंप्युटरच्या खोलीला पडदा होता आणि पडद्याबाहेर चपला काढायच्या, असा माझाच नियम होता. तू तर नुसतं डोकवायचं असलं तरी चपला काढायचीस. एकदा तुझ्या जुन्या लुगड्याचं कंप्युटरला झाकण शिवून आणलंस, किनार पुढं येईल असं, नीट मापाचं. मी म्हटलं, असलं कापड चालत नाही, धाग्यांचा कचरा आत जातो. खोटं होतं ते. मला त्या किनारीची लाज वाटली. तू घडी घातलीस आणि पिशवीत ठेवलंस.

खंडेनवमीला त्या ऑफिसात केवढी धांदल असायची! ट्रक धुवायचे, वजनकाटा पुसायचा, जॅक, पाने, टाइपरायटर, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. ब्राह्मण फक्त ट्रकांपुरता यायचा. ऑफिसातल्या वस्तूंवर आंब्याच्या पानानं पाणी शिंपडायचं काम तुझं. त्या वर्षी तू तांब्या घेऊन पडद्यापाशी आलीस तर मी चार माणसांत ओरडले, "बाई, याच्यावर पाणी मारू नका हं! याला मी एकटीच हात लावणार." तू म्हणालीस, "मी कायले लावू बाप्पा हात?" आणि तांब्या मागं धरून तिथूनच हात जोडलेस. तुझे अनवाणी पाय पडद्याखालून मला दिसत होते.

मी मात्र त्या दिवशी कंप्युटरला पार नवरीसारखं सजवलं. मागून पुढून पुसला, कुंकू लावलं, माळ घातली. मागच्या बाजूला एक छोटं बटण होतं, त्याच्या खाचेत धूळ बसलेली. शेजारी दोन आकडे कोरलेले. मला वाटलं, खाचसुद्धा साफ पाहिजे, आपण काय अर्धवट काम करणारे आहोत? केसांतला चाप काढला आणि त्याच्या टोकानं धूळ उकरली. टक् असा आवाज झाला. बटण सरकलं होतं, पण मला वाटलं, धूळ निघाली म्हणून नीट बसलं. ते बटण म्हणजे कंप्युटरला आपल्याकडची लाइट चालवायची की अमेरिकेतली, हे सांगणारं. अमेरिकेत लाइट आपल्या निम्म्या जोराची असते. कोर्समध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर सगळं शिकून आले होते ना!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खटका दाबते. फट्! दिवाळीतली टिकली फुटावी तसा आवाज, मागून धुराची एक रेघ, आणि खोलीभर जळका वास. स्क्रीन काळी. पॉइंटला बल्ब लावून बघते, पेटतो. स्टॅबिलायझरचा काटा जागेवर आहे. स्क्रीनची वायर काढून कंप्युटरला लावते, पुन्हा खटका दाबते, काही नाही. मागं कान लावते, पंख्याचा आवाज नाही. रस्त्यापलीकडचा वायरमन येतो, टेस्टर लावतो, म्हणतो, "ताई, लाइट इथवर बराबर येऊन राहिली. जे झालं ते आत झालं." बाहेर व्यापारी बिल्टीसाठी उभे. मग सेठ येतो. हळदकुंकू लागलेल्या त्या मेलेल्या डब्याकडे बघतो आणि विचारतो, "किसने हाथ लगाया इसको?" आणि मी म्हणते, "बाईंनी पूजेचं पाणी शिंपडलं होतं."

तू दारात होतीस, हातात कपांचा ट्रे. तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, माय, रागानं पाहिलं असतंस तर बरं झालं असतं. तू मला नीट निरखून पाहिलंस, लहानपणी ताप आला की बघायचीस तसं. मग ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "हो सेठ. माह्याच हातून झालं. पोरीले काही बोलू नका." सेठ जे बोलला ते मी लिहीत नाही. त्याच दिवशी तुला ऑफिसातून काढून मागच्या गोदामात टाकलं, सांडलेला माल झाडायला. गोदामात मिरचीची पोती असायची.

संध्याकाळी आपल्या राहत्या खोलीवर आलो तेव्हा मला वाटलं, आता तू फाडून खाणार. तू स्टोव्ह पेटवलास आणि विचारलंस, "वांगे करू का बेसन?" मलाच राहवलं नाही. म्हटलं, तू शिंपडलं नव्हतं पाणी, मग हो काहून म्हणालीस? तू स्टोव्हला पिन मारता मारता वरही न बघता म्हणालीस, "मंग काय तुले खोटी पाडू वं, चार माणसांत?" त्यानंतर तू ही गोष्ट कधीच काढली नाहीस.

चार दिवसांनी शहरातून इंजिनियर आला. त्यानं डबा फिरवला, मागं पाहिलं, आणि हसला. "ताई, हे बटण कोणी सरकवलं? हे अमेरिकेच्या बाजूला आहे. पाण्याचा काही संबंध नाही." खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मला काय माहीत?" त्यानं बटण मागं सरकवलं, आतला जळलेला भाग बदलला आणि कागदावर नुसतं 'सप्लाय खराब' लिहून गेला. कंप्युटर घूं करून उठला. तू गोदामातून नाकाला पदर लावून धावत आलीस, पडद्याबाहेर चपला काढल्यास आणि विचारलंस, "झाला का वं चालू?" चेहरा असा फुललेला, जसं काही तुझंच कोणी दवाखान्यातून बरं होऊन घरी आलं. कोराडीच्या देवीला तू नारळ बोलली होतीस. पुढच्या रविवारी आपण बसनं जाऊन तो फोडलासुद्धा. मी हात जोडून उभी राहिले. मला तिथंच वीज पडून मरायला हवं होतं, पण तसं काही होत नाही, प्रसाद खाऊन आपण परत आलो.

तीन वर्षं तू मिरची झाडलीस. मला कोराडीच्या वीज केंद्रात कंप्युटर ऑपरेटरची नोकरी लागली आणि तुला क्वार्टरवर घेऊन गेले, तोवर खोकला तुझ्या अंगवळणी पडला होता. तू खोकल्यानं गेलीस असं नाही, डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण तू खोकलीस की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. शेजारणी म्हणायच्या, पोरगी किती हळवी आहे, आईचा त्रास बघवत नाही तिला. तू ऐकायचीस आणि 'हो' म्हणायचीस. तिथंही मला खोटी पाडली नाहीस.

पुढं माझ्या हाताखाली कितीतरी पोरी शिकल्या. बंद कंप्युटर कसा तपासायचा ते मी त्यांना घोटून शिकवलं. आधी पॉइंट, मग वायर, मग मागचं बटण. एकीनं विचारलं, मॅडम, तुम्ही बटणाचं इतकं का सांगता? मी म्हटलं, अनुभव. केवढा सभ्य शब्द! सांगायला किती वेळा तोंड उघडलं होतं, माय. तुझ्या डोक्याला तेल लावताना, दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून. तू म्हणायचीस, काय वं? आणि मी म्हणायचे, काही नाही.

आता हे लिहून झालं, तर ठेवायचं कुठं तेही कळत नाही. पाकिटावर पत्ता काय घालू? एकदा वाचून काढलं सगळं, शिकवलेल्या सवयीनं, कुठं चुकलं का बघायला. एका ठिकाणी चुकलंय. किसने हाथ लगाया, असं सेठनं विचारलं म्हणून मी वर लिहिलंय. त्यानं तसं विचारलंच नव्हतं. तो फक्त म्हणाला होता, "मशीन है, होता है, इंजिनियर को बुलाओ," आणि वळून निघाला होता. दारापर्यंत पोचला होता. मीच त्याला मागून हाक मारली.