छत्री इन-चार्ज

२ सप्टेंबर, सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. कारण जबाबदारी. टेकडीवरच्या आठ दिवसांच्या शूटिंगसाठी छत्र्या निवडायचं काम माझ्याकडे आलंय. कॅमेऱ्यासाठी, मॉनिटरसाठी, माणसांसाठी. प्रॉडक्शन मॅनेजरबाईंनी भर मीटिंगमध्ये माझ्याकडे बोट दाखवलं. (त्यांना सगळे पाठीमागे घाईताई म्हणतात. मी पाठीमागेही मॅडमच म्हणतो, घाईताई फक्त या रोजनिशीत. कोण ऐकत असेल सांगता येत नाही.) वीस वर्षं या लाइनीत खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या, आता कुठे माझी कदर झाली.
संकल्प : कॅमेऱ्यावर एक थेंब पडू द्यायचा नाही.
माझ्या आधी हे काम एक गृहस्थ करायचे. गेल्या शूटिंगला त्यांची छत्री उडाली आणि कॅमेरा भिजला. ते हल्ली काय करतात असं विचारलं, की लोक चहा आणायला जातात. मला त्याचं काही नाही. नाश्ता मात्र जरा कमी गेला.

२ सप्टेंबर, संध्याकाळ
छत्र्यांच्या दुकानात साडेतीन तास. एकतीस छत्र्या उघडल्या. दुकानदाराचा टेबलफॅन मागून घेऊन वाऱ्याची टेस्ट केली. कॅमेऱ्यासाठी हवी म्हटल्यावर तो म्हणाला, प्लॅस्टिकची पिशवी घाला की. अशा माणसांशी मी वाद घालत नाही.
बटणाच्या छत्र्या बाद. तांत्रिक कारण आहे. एक अचानक फटकन उघडली, तेव्हा मी काउंटरच्या मागच्या बाजूचं निरीक्षण करायला खाली बसलो होतो. दुकानदाराने पाणी दिलं.

४ सप्टेंबर
विजेचा विचार केला. टेकडी उंच, आजूबाजूला झाड नाही, हातात लोखंडी दांडा. म्हणजे आपणच आमंत्रण द्यायचं. दांडा लाकडीच हवा, काड्या फायबरच्या. लाकडाने वीज टळते की नाही, हे कुणी खात्रीने सांगेना, म्हणून मुठीला रबरी पट्टीही गुंडाळणार.
हिने विचारलं, आभाळ गडगडलं की तुम्ही कपाटाला चिकटून का उभे राहता? म्हटलं, तिथे हवा चांगली येते. विजेची मला भीती वाटत नाही. आदर वाटतो.

५ सप्टेंबर
बाथरूममध्ये पाण्याची टेस्ट. मी स्टुलावर बसलो, डोक्यावर छत्री. ही बादली ओतणार. ठरलं असं होतं, की ती आधी 'ओतू का' विचारेल. न विचारता ओतली. मी स्टुलावरून उतरलो. पडलो नाही, उतरलो. कोपर सुजलंय.
छत्री पास.

६ सप्टेंबर
रंग. कॅमेरामनना सगळं युनिट दादा म्हणतं. दादा फार कमी बोलतात. फोनवर एवढंच म्हणाले, की छत्र्या काळ्याच आणा. का ते विचारायचं धाडस, म्हणजे कारण, नव्हतं.
पण मी पुढचा विचार करणारा माणूस. टेकडीच्या एका बाजूला दरी आहे. धुकं आलं, कुणी घसरलं, तर काळी छत्री वरून कुणाला दिसणार? ते कुणीतरी मी असू शकतो. म्हणून सहा भडक नारिंगी घेतल्या, दोन मैलांवरून दिसतील अशा. दादांच्या समाधानासाठी एक काळी.

१० सप्टेंबर, टेकडीवरून
पहिला दिवस. बारीक पाऊस, गडगडाट अजिबात नाही. सीन असा, की थोरली बहीण धाकटीला निरोप देते आणि कॅमेरा थोरलीच्या चेहऱ्यापासून दोन हातांवर. काळी छत्री व्हॅनमध्येच 'राहिली'. कॅमेऱ्यावर नारिंगी, मॉनिटरवर नारिंगी, आम्ही सगळे नारिंगीखाली. दादांनी एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे, पण पावसाचा जोर वाढत होता आणि घाईताई घड्याळ दाखवत होत्या.
मेकअपवाल्या बाई दोनदा म्हणाल्या, चेहरा पिवळट वाटतोय. त्यांना सांगितलं, तुम्ही पावडर बघा, छत्री मी बघतो.
कॅमेरा कोरडा. कुणी कौतुक केलं नाही. म्हणजे सगळ्यांनी गृहीतच धरलंय, की माझं काम चोख असतं.

१२ सप्टेंबर
वाईट दिवस. सकाळी एडिटरचा फोन आला. त्याने विचारलं, थोरल्या बहिणीला कथेत कावीळ झालेली आहे का.
झालं असं, की नारिंगी कापडातून आलेला उजेड तिच्या तोंडावर पडत होता. आणि बघणारे सगळे त्याच उजेडात बसलेले, त्यामुळे डोळ्यांना तेच बरोबर वाटत होतं. दोन दिवसांचं काम गेलं. पुन्हा करायचं.
घाईताई सगळ्यांसमोर ओरडल्या. त्याचं एवढं नाही. दादा ओरडले नाहीत. नुसते छत्रीच्या कापडाला हात लावून उभे राहिले, आणि मी उगाच खुर्च्या मोजायला लागलो.
शेवटची संधी मिळाली आहे. आता एक चूक, की घरी. सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसरीकडे कोण खुर्च्यासुद्धा उचलायला घेईल?
मी मात्र खचणारा नाही. सर्वांसमोर जाहीर केलं, की यापुढे कॅमेऱ्यावरची काळी छत्री मी स्वतः धरणार. बोलून गेल्यावर लक्षात आलं, की स्वतः म्हणजे बाहेर उभं राहून.

१४ सप्टेंबर
दोन दिवस शूटिंगला सुट्टी, म्हणून घरी प्रॅक्टिस. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. दादा कॅमेरा खांद्यावर घेऊन, डोळा लावून, मागे मागे चालतात. छत्रीवाला त्यांच्या मागे. उजव्या हातात छत्री, डावा हात दादांच्या खांद्यावर. त्या हाताच्या भरवशावर ते पाऊल टाकतात.
हिला पिठाचा डबा खांद्यावर दिला आणि हॉलमध्ये मागे चालायला लावलं. चार फेऱ्या उत्तम. पाचव्या फेरीला शेजाऱ्यांनी काहीतरी जड पाडलं, आणि मी जागेवर नव्हतो. ही डब्यासकट सोफ्यावर. म्हणाली, तुम्ही ना, त्यांना सरळ सांगून टाका.
काय सांगू? सांगण्यासारखं काही नाहीच.

१६ सप्टेंबर, दुपारी ३
टेकडीवर. आभाळ काळं. कानात कापूस घातलाय, वाऱ्यासाठी. काळी छत्री तीनदा उघडून पाहिली, कापड तपासायला. निरोपाचा सीन पुन्हा. मी तयार आहे.

१६ सप्टेंबर, दुपारी ४.२०
व्हॅनमध्ये बसून लिहितोय. छत्री सुखरूप आहे.
घडलं ते क्रमाने. सीन चालू. दादा मागे येतायत, मी मागे. हात खांद्यावर. मग आभाळ फाटलं. आधी उजेड, आणि लगेच आवाज, मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही. त्यानंतरचा निर्णय मी घेतला असं म्हणता येईल. युनिटमधली एकुलती एक काळी छत्री वाचवणं महत्त्वाचं होतं.
दार आतून लावलंय. दारासमोर छत्री उघडून धरली आहे.
बाहेर कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारतंय. बहुधा घाईताई. रागावल्या असतील. ओ देत नाही.

४.३५
अजून हाका चालूच आहेत. आवाज दरीच्या बाजूने येतोय. इतका राग बरा नव्हे.

१७ सप्टेंबर
कॅमेरा बंद पडला. आत पाणी गेलं. दुसरा येईपर्यंत शूटिंग थांबलं.
लॉजच्या पॅसेजमध्ये दादा भेटले. अंगावर चादर, डोळे लाल, ताप. मी वाक्य पाठ करून गेलो होतो, की व्हॅनचं दार नीट बंद होतंय की नाही ते पाहणंही तेवढंच आवश्यक होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खांद्यावरचा हात गेला. वळून बघतो तर तुम्ही नाही. मला वाटलं, दरीत गेलात."
त्यांनी कॅमेरा गवतात ठेवला होता आणि दरीच्या कडेला उभे राहून पावसात हाका मारत होते. अर्धा तास. काल मला ज्या घाईताई वाटल्या, ते दादा होते.
मी म्हटलं, तुम्ही निदान कॅमेऱ्यावर काहीतरी टाकायचं. ते म्हणाले, "सुचलं नाही. मी पण घाबरलो होतो."
'मी पण' कशाला म्हणाले, असा विचार करत अर्धा दिवस बसलो. मग हिला फोन केला. ती म्हणाली, घरी या. म्हटलं, कामं आहेत. कामं नव्हती.

१९ सप्टेंबर
मला काढलेलं नाही. दादांनीच सांगितलं म्हणे, राहू दे, माणूस जिवंत आहे ना. पुन्हा खुर्च्यांवर आलो. खुर्च्या मी अतिशय व्यवस्थित मांडल्या.
नवा कॅमेरा आला. छत्री धरायला मेकअपवाल्या बाई. उंची कमी, त्यामुळे हात पूर्ण वर करून धरावी लागते. रबरी पट्टी त्यांनी काढून टाकली, मूठ निसटते म्हणाल्या.
पावणेचारला जोरात गडगडलं. त्या दचकल्या, चांगल्याच दचकल्या, डोळे घट्ट मिटले. दादांच्या खांद्यावरचा हात मात्र काढला नाही. सीन पूर्ण झाला.
हे मी व्हॅनच्या आतून, काच बंद करून पाहिलं.