दोन अंश वीस मिनिटं

भवानी पेठ, सोलापूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्या हिस,
अ. उ. आ.

फोनवर बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही, म्हणून कागदावर लिहितोय. दोन देशांच्या समुद्रातल्या हद्दीचा जो नकाशा तुझ्या ऑफिसने मला काढायला दिला, त्याची छापील प्रत काल आली. १८८९च्या फ्रेंच तहात दिलेल्या रेखांशावर मी उभी रेषा काढली होती. प्रतीवर खाली नाव माझं आहे, रेषा माझी नाही. ती दोन अंश वीस मिनिटं पूर्वेला सरकलीय. तीनदा मोजलं. मासेमारीचा अडीचशे किलोमीटरचा पट्टा पश्चिमेकडच्या देशाला फुकट गेला!

फाईल तुझ्या ताब्यात असते. काम तूच मिळवून दिलंस, म्हणून सरळ विचारतो : हात कुणाचा? आणि कुणाच्या सांगण्यावरून?

मी कॉलेजात गेलो नाही. चादरीच्या कारखान्यात बावीस वर्षं चौकटीच्या कागदावर नक्षी काढली, एक चौकट चुकली नाही. आजही कागद हातात आला की आधी चारी कडांना कापडी पट्टी लावतो, मगच पेन्सिल उचलतो. वीस तारखेला हा नकाशा लवादापुढे जाणार. खोट्या रेषेखाली माझं नाव नको. तुझी मामी म्हणते, भाचीवर एवढा संशय बरा न्हाय. तिला अंश-मिनिटं कुठं कळतात!

उत्तर टपालानेच दे.
तुझा मामा,
कुंडलिक


पुणे
८ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग जेवण गेलं नाही. हात माझाच. सांगणारं कुणी नव्हतं.

तहाच्या पानावर अगदी तळाशी बारीक ओळ आहे : रेखांश पॅरिसपासून मोजावेत. त्या काळी फ्रेंच लोक ग्रिनिचचा शून्य रेखांश मानत नव्हते की. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेला दोन अंश वीस मिनिटं, म्हणून रेषा तेवढी सरकवली. साहेबांना कळलं असतं तर तुमचं नाव गेलं असतं. गुपचूप केलं, हे चुकलंच. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही.

तुमच्याकडच्या तहाच्या प्रतीत ती ओळ दिसत नसेल, तर खालची पट्टी काढून बघा. माझ्या चौथीच्या वह्यांनाही तुम्हीच पट्ट्या लावल्या होत्या आणि प्रत्येक पानावरचं शेवटचं गणित पट्टीखाली गेलं होतं. बाईंचा मार मी खाल्ला!

मामींना नमस्कार. रागवा, पण अबोला नको.
तुमची,
सुकन्या


सोलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सुकन्या हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्या साहेबांना लिहिलेली तक्रार पाकिटात घालून झाली होती. पट्टी उचलली ती तुला खोटं पाडायला. पाण्याचा हात लावून हळूच सोडवली. ओळ निघाली. फ्रेंच मला येत नाही, पण पॅरिस वाचता येतं.

तक्रार फाडली. मामीला अजून सांगितलेलं नाही.

आता तुझं. पॅरिसचं अंतर मी तीन ठिकाणी ताडून पाहिलं. दोन अंश, वीस मिनिटं आणि चौदा सेकंद. ते चौदा सेकंद तू खाल्लेस. तिथल्या पाण्यात त्याचे चारशे पंचवीस मीटर होतात. तेवढ्यात एका गावची जाळी बसतात. आणि आकडे वाटेत सोडून द्यायला मी तुला शिकवलं नव्हतं.

दुरुस्त प्रत सोबत आहे. खाली दोन नावं आहेत, तुझं वर. साहेबांना माझी चूकही सांग, तुझीही, आणि मगच नकाशा पुढं जाऊ दे. माझं नाव काढायचं म्हणाले तर काढू देत, रेषा तेवढी खरी राहू दे.

पाकिटाच्या जोडावर चार सह्या केल्यात. एक जरी तुटलेली दिसली, तर उघडू नकोस, आधी मला कळव.

तुझा राग निवळला की माया पहिल्यासारखी असू दे.
तुझा मामा,
कुंडलिक