अंगठ्याभोवतीचा संशयास्पद जमाव

चि. गोदूस,

दादाचे पोतंभर आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? (नर्सबाईंचे गुडघे निवृत्तीनंतरच बोलू लागतात म्हणे.) मी ठणठणीत, एक अंगठा सोडून. ओहोटीला खडकावर शाळेतली समुद्राची कविता म्हणत निघालो होतो (तू दुसऱ्या कडव्याला अडायचीस तीच) आणि तिसऱ्या कडव्याला पाय कालवाच्या धारदार शिंपल्यावर पडला. अंगठा काजूच्या बोंडासारखा सुजला. बोर्लीच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, आणि तेव्हापासून घरात माणसं जमू लागली आहेत. वर्षभर माझ्या कविता माजघराच्या भिंतींनी ऐकल्या. आता ओटीवर टेकायला जागा नाही! आधी आमचे चिरंजीव सुश्रुत, "अण्णा, वाटेतच होतो, म्हणून डोकावलो." न्हावा शेव्याहून कुठे जाताना आपलं गाव वाटेत लागतं, तूच सांग. मागोमाग सूनबाई. मग नात क्षिप्रा, जी अलिबागला रक्त तपासते.

तिला मी एकटी गाठली. तिने मोबाइलवर पांढऱ्या पेशी दाखवल्या. गोदू, काय त्यांचा साळसूदपणा! रक्तातून आपल्या वाहत असतात. जखम जवळ आली की भिंतीला लागून गडगडतात, मग चिकटतात, एकमेकींना बिलगून घोळका करतात आणि फटीतून हळूच पलीकडे. हुबेहूब सुश्रुत!

"यांना बोलावलं कोणी?" मी विचारलं.

"जखमेनेच, आजोबा. तिथली भिंत चिकट होते. बऱ्याचशा तिथेच मरतात, त्यांचाच पू होतो." (पुढची पट्टी बदलताना मी त्या कापसापुढे क्षणभर उभा राहिलो.)

"आणि जखम भरल्यावर?"

"मग नव्या येत नाहीत. भिंत पुन्हा गुळगुळीत."

तेव्हापासून मला झोप नाही. मला सुश्रुतच्या उलव्याच्या फ्लॅटवर उचलून न्यायचा यांचा डाव असणार. मी आलो की स्वयंपाकघरातली कुजबुज थांबते. काल तर जेवण झाल्यावर सुश्रुत म्हणाला, "अण्णा, ती समुद्राची म्हणा ना." म्हटली. सगळी कडवी. कोणी उठलं नाही, कोणी मोबाइल पाहिला नाही. कट फार खोलवरचा आहे.

तुझा सावध दादा,
महादेव

ता. क. रविवारी तूही येते आहेस असं कळलं. म्हणजे तूही त्यांच्यातलीच. ये. पण पट्टी सोडून बघायची तुझी जुनी खोड एवढ्यापुरती आवर.

आणखी एक. अंगठा कधीच बरा झालाय. हे वाचून पत्र फाडून टाक, आणि येताना पट्टीची चार भेंडोळी घेऊन ये. बोर्लीचा औषधवाला माझ्याकडे संशयाने बघू लागलाय.