उपाशी पोटातले वाटाणे

ताई,

हे रागात लिहितेय, म्हणून तुझ्या हाती देणार नाही.

त्या दिवशी दुर्बिणीनं माझं पोट तपासायचं होतं. आदल्या दुपारच्या जेवणानंतर मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, तरी पोटात वाटाणे दिसले. डॉक्टर चिडले. तू उचलली जीभ लावली टाळ्याला, "हिला लहानपणापासून चोरून खायची खोड आहे."

ते वाटाणे आदल्या दुपारी तूच वाढले होतेस. मी नको म्हणत असताना आणखी एक डाव वाढलास. रात्रभर आपण एकाच खोलीत होतो. मी काही खाल्लं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तुझ्या घरचं मीठ खाते, म्हणून गप्प बसले. भाऊजींनी फडताळाला कुलूप घातलं. परवा इन्शुलिन घेऊन जेवले, पण अन्न पोटातच बसून राहिलं आणि रक्तातली साखर उतरली. हात थरथरत होते आणि साखरेचा डबा कुलपात होता. शेजारणीनं चमचाभर साखर तोंडात घातली, म्हणून वाचले.

नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या मधुमेहानं पोटाच्या नसा दुबळ्या होतात, अन्न लवकर पुढे सरकत नाही. हे तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "असेल बाई, मला काय कळतंय त्यातलं."

डॉक्टरांना माझं पोट कळलं नाही, ते मी समजू शकते. पण तुला मी कळत होते.

उद्या थोडंच वाढ. आणि काय वाढलंस, तेवढं लक्षात ठेव.

तुझ्याच खोलीत झोपणारी,
धाकटी