डिझेल भरून ठेव, ताई

हिंगोली,
शनिवार, २८ मार्च

ती. मिराताईस सोमेश्वरचा नमस्कार.

आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. शिजवलेली हळद झाकलीस का? आज संध्याकाळी वादळ आणि गारा येणार असं अजूनही सांगताहेत. ताडपत्रीवर दगड ठेव, नुसत्या दोरीनं भागायचं नाही.

फोन असताना पत्र कसलं लिहितोय म्हणून हसशील. पण परवा तुला फोनवर बोलून मेसेज पाठवला, त्याचं काय झालं, पाहिलंस ना? "ताई, डिझेल भरून ठेव. उद्या टँकर येतो का न्हाई, सांगता येत न्हाई. भाव बी वाढणार म्हणतेत." एवढंच, तेही फक्त तुझ्यासाठी. दाजींनी भल्यासाठीच ते गावाच्या ग्रुपवर टाकलं. त्यांच्याशी भांडू नकोस. पंपाचा मॅनेजर मी आहे, ते नाहीत. आणि टँकरचं मी नुसतं कुणाकडून तरी ऐकलं होतं.

काल सकाळी आठलाच पंपावर गावंच्या गावं उतरली. ट्रॅक्टर, ड्रम, कॅन. एका बाईनं तर पाण्याची घागर आणली होती. तीन दिवसांचं डिझेल अकराच्या आत संपलं. रस्त्यापलीकडे कुणीतरी दोनशे रुपये लिटरनं विकत होतं. टँकर दुपारी दोनला आला, रोजच्यासारखा.

मधल्या वेळाचं लिहायचं राहिलंय.

बुद्धभूषणला तू ओळखतेस. आमच्याकडे डिझेल भरून देणारा, तुला चहा पाजल्याशिवाय हलू न देणारा. "संपलं हो दादा, खरंच संपलं," म्हणत तो हात जोडत होता. लोकांना वाटलं, लपवून ठेवलंय. एकानं त्याच्या कानाशी फोन धरून माझाच आवाज ऐकवला. "मंग ह्यो कोण बोलून राहिला?" आठ वर्षं सोबत काम केलंय, त्यानं लगेच ओळखला. माझ्या केबिनकडे एकदा पाहिलं, पण नाव घेतलं नाही. मग त्याला मारायला लागले. तो कसाबसा सुटून आला, काच ठोठावली. "सायेब, दार उघडा!" मी आतून कडी लावून उभा होतो, ताई. उघडली नाही.

डोक्याला अकरा टाके पडलेत. अजून नीट शुद्धीवर नाही.

आज सकाळी दवाखान्यात त्याची बायको साक्षी माझ्या पाया पडली, मीच त्याला इथे आणलं म्हणून. तिच्याही फोनवर तो आवाज आलाय. चिरका येतो, नाहीतर तिला कळलंच असतं. "वळखता का, सायेब? ह्याच्यापायी झालं सगळं." मी म्हणालो, "न्हाई."

तू तो मेसेज पुसलास, निरोप मिळाला. माझ्यासाठी पुसलास, कळतं मला. पण पोलीस दारी आले तर माझं नाव सांग.

आत्ता तुमच्या गावाला निघालेल्या खेमाभाऊंच्या हाती हे देऊन मी वर वॉर्डात जातोय, साक्षीला खरं सांगायला. पण कालपासून माझा मलाच भरवसा नाही. साक्षीचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. आज पाच वाजता तिला फोन कर. मी सांगितलं नसेल, तर तू सांग.

तुझा भित्रा भाऊ,
सोमा