ठकूच्या मास्कचा पट्टा

सोमवार, ३ जून
बारा वर्षं मुलांच्या वॉर्डात पायांचे तुकडे पाडून घेतले. आता पेशंटच्या घरीच नोकरी, एकच पेशंट, एकच खोली आणि बसायला चक्क गादीची खुर्ची. ठकू आठ वर्षांची. जन्मजात आजार, स्नायू दुबळे. नीट खोकताही येत नाही, म्हणून कफ नळीने ओढून काढायचा. आडवी झाली की श्वास पुरत नाही, तेव्हा श्वासाच्या यंत्राचा मास्क लावायचा. श्वास कमी पडला की यंत्र गजर करतं. जीभ मात्र तिखट. मी जाड म्हणून सिस्टर झाले, की सिस्टर झाल्यावर जाड झाले, असं तिने पहिल्याच तासाला विचारलं. आई जिवापाड जपते. वडील परगावी नोकरीला.

गुरुवार, ६ जून
भिंतीवरचा फोटो ठकूच्या थोरल्या भावाचा. त्यालाही हाच आजार. नवव्या वर्षी गेला. शेवटचे चार महिने अतिदक्षता विभागात, गळ्याला भोक पाडून. हृदय थांबल्यावर छाती दाबताना बरगड्या मोडल्या. आईने हे कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, मूळ आजारातील गुंतागुंत. हे शब्द मीही कितीदा लिहिलेत. त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

सोमवार, १० जून
दुपारी जेवून आले तर यंत्राचा गजर बंद. माझ्याच हातून झालं असेल.

मंगळवार, ११ जून
पुन्हा बंद. आज मास्कचा पट्टाही सैल, ठकूचे ओठ जांभळे. पट्टा आवळला, कफ काढला, हळूहळू रंग आला. आई म्हणाली, यंत्र जुनं झालंय. दुरुस्तीवाला म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे. बटण दाबून धरल्याशिवाय गजर बंद होत नाही.

बुधवार, १२ जून
ठकूलाच विचारलं. ती म्हणाली, "आई येते. पट्टा सैल करते, कपाळावर हात ठेवून बसते. मी झोपेचं सोंग घेते."
सोंग कशाला, असं विचारलं.
"नाहीतर तिला रडू येतं."

गुरुवार, १३ जून
ठकूच्या डॉक्टरांना फोन केला. अशी आई लाखात एक, म्हणाले. जपून बोला, या मुलांचं कधी काय होईल सांगता येत नाही. वडिलांना केला. त्यांनी विचारलं, ठकूला त्रास झाला का. एवढंच. फोन ठेवला.

शुक्रवार, १४ जून, सकाळ
बालसंरक्षण कार्यालयाला कळवलं. उद्या येतो म्हणाले. तोवर मी खोली सोडणार नाही. बोलणं आईने ऐकलं असावं. दारात उभी राहून म्हणाली, "सिस्टर, हिचा शेवट तुम्ही बघणार आहात का? मी एकदा बघितलाय."
मी खुर्ची ठकूच्या पलंगाला लावली.

दुपार
तिने आणलेली कॉफी प्यायले. का प्यायले — कडू लागली तरी —

पापण्या जड. हात माझा वाटत नाही. जागी राहायला लिहितेय. फोन टेबलावर नाही. उद्या येणाऱ्यांनी हे आधी वाचा —

ती पलंगाशी बसलीय. माझ्याकडे बघतही नाही. गजराचं बटण दाबून धरलंय — मास्कचा पट्टा सोडला —

उठता येईना. ठकू बघतेय माझ्याकडे. ओरड गं — शेजारी ऐकतील — तोंड उघडलंय तिने, पण ओरडण्याइतका श्वासच —